गाठीची जागा आणि गाठीची जात : मृदू ऊतींच्या दुर्मीळ अर्बुदांच्या निदानाची वाटचाल

प्रास्ताविक

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा मागे टाकले की तिगाव लागते. पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी भाषकांचा पट्टा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा पट्टा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याची सीमा बदलली तरी आजाऱ्याची वाट बदलली नाही. दुखणे हाताबाहेर गेले की येथील माणूस आजही शंभरेक किलोमीटरवरील नागपूरच गाठतो. घरात मराठी, शाळा-कचेरीत हिंदी आणि अनेक मुस्लीम कुटुंबांत उर्दू अशा तीन भाषांतून त्याचे दुखणे डॉक्टरांपर्यंत पोहोचते.

प्रस्तुत लेखाचा विषय वैद्यकीय असला तरी दृष्टी इतिहासाची व भाषेची आहे. शरीरातील मृदू ऊतींत, म्हणजे स्नायू, चरबी, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या तंतूंत उद्भवणारी दुर्मीळ अर्बुदे नेहमीच्या ठिकाणी न येता भलत्याच जागी आली, तर ती ओळखायची कशी, हा प्रश्न वैद्यकाला फार जुन्या काळापासून पडलेला आहे. या प्रश्नाचा इतिहास पाहता एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. गाठीच्या जागेवरून तिची जात ठरविण्याचा मोह वैद्यांना प्रत्येक युगात झाला आणि त्या मोहातून सुटण्याची साधने एकामागून एक शोधावी लागली. ही साधने आज उपलब्ध आहेत. मात्र त्यांचा उपयोग रुग्णाला होतो की नाही, हे अगदी साध्या दोन-तीन गोष्टींवर ठरते. त्या गोष्टी शिक्षकांच्या आवाक्यातील आहेत, म्हणून हा विषय या पानांवर मांडणे उचित वाटते.

विषयाची व्याप्ती

अंगावर येणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. चरबीची गाठ, जिला आपल्याकडे आवाळू आणि उर्दूत रसौली असेही म्हणतात, ती वर्षानुवर्षे तशीच राहते. मृदू ऊतींतील साध्या गाठींची संख्या घातक गाठींच्या सुमारे शंभरपट असते. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत मृदू ऊतींच्या घातक अर्बुदांचे, म्हणजे सार्कोमांचे, प्रमाण साधारण १ टक्का आहे. हे प्रमाण लहान असले तरी जाती मात्र पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने या अर्बुदांचे वर्गीकरण प्रथम १९६९ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९९४, २००२, २०१३ व २०२० मध्ये ते सुधारले. साध्या व घातक मिळून आज त्यात शंभराहून अधिक जाती आहेत.

अडचण येथेच उद्भवते. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखालून शेकडो साध्या गाठी जातात. त्यांतील एखादीच वेगळी निघते. ती मांडीत खोलवर असेल तर शंका तरी येते. पण ती जिभेवर, मानेत, फुफ्फुसात किंवा जठराच्या भिंतीत असेल, तर त्या जागी नेहमी आढळणारा आजारच प्रथम मनात येतो. याखेरीज आपल्या देशात क्षयाचा थंड गळू, स्नायूत राहिलेले फीतकृमीचे डिंभ किंवा हायडॅटिड कृमीचे पाणफोड हेही अर्बुदाचा आभास निर्माण करतात. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी संभवते. अर्बुदाला गळू समजले जाते आणि गळूला अर्बुद.

प्राचीन व मध्ययुगीन वैद्यक

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एकत्र विचार केला आहे. सुश्रुताने अर्बुदांचे प्रकार सांगताना दोषांबरोबरच रक्त, मांस व मेद या धातूंचा आधार घेतला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गाठ कोठे आहे यापेक्षा ती कशाची आहे, हा प्रश्न त्यात बीजरूपाने आलेला आहे. मांसार्बुद वेदनारहित, त्वचेच्याच रंगाचे, दगडासारखे कठीण व न हलणारे असते, असे वर्णन तेथे येते. आजचा शल्यचिकित्सकही खोलवर रुतलेली, घट्ट व न सरकणारी गाठ हाताला लागली की सावध होतो. चिकित्सास्थानात सुश्रुताने आणखी एक इशारा दिला आहे. अर्बुदाचा थोडा जरी अंश शिल्लक ठेवला तरी ते पुन्हा उद्भवते आणि मागे राहिलेल्या विस्तवाप्रमाणे घात करते, असा त्याचा आशय आहे. लेखाच्या उत्तरार्धात या इशाऱ्याकडे पुन्हा वळावे लागेल.

अरबी वैद्यकात सुजेला ‘वरम’, चरबीच्या वा पिशवीसारख्या गाठीला ‘सिलआ’ आणि कर्करोगाला ‘सरतान’ असे निरनिराळे शब्द आहेत. सरतान म्हणजे खेकडा. ग्रीकांनी या रोगाला खेकड्याचेच नाव दिले होते आणि संस्कृतातील कर्क हाही खेकडाच. इब्न सीना (९८०–१०३७) याने आपल्या पाच भागांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथात साधी कठीण सूज आणि सरतान यांतील भेद सांगितला. उर्दूत आजही कर्करोगाला सरतान म्हणतात, ते या परंपरेमुळेच.

निदानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे नाव मात्र कुर्तुब्याजवळील मदीनत अज-जहरा येथील शल्यवैद्य अबुल कासिम अज-जहरावी (९३६–१०१३) याचे. त्याचा ‘अत-तसरीफ’ हा ग्रंथ तीस भागांचा असून शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. गाठ कापण्यापूर्वी तिच्यात बारीक शोधसुई खुपसावी, बाहेर द्रव येतो की नाही ते पाहावे आणि मग आत काय आहे ते ठरवावे, असे तो सांगतो. सरतानाबाबत त्याची भूमिका सावध होती. गाठ लहान आणि संपूर्ण काढता येईल अशा जागी असेल तरच हात घालावा. जुनी व मोठी असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. अशी गाठ आपण स्वतः बरी केलेली नाही आणि दुसऱ्या कोणी बरी केल्याचेही पाहिलेले नाही, हे त्याने मोकळेपणाने नोंदविले. आधी तपासावे आणि मगच कापावे, हा आजच्या निदानाचा पहिला नियम. हजार वर्षांपूर्वीच्या एका अरबी ग्रंथात तो स्पष्टपणे आलेला आहे.

ऊती, नसीज, टिश्यू

गाठ कशाची आहे या प्रश्नाला नीट उत्तर मिळण्यासाठी शरीर कशाचे बनले आहे हे आधी कळावे लागले. फ्रान्समधील झेव्हिए बिशा (१७७१–१८०२) याने अवयवांच्या पलीकडे जाऊन शरीरात २१ प्रकारच्या ऊती कल्पिल्या. विशेष म्हणजे त्याने सूक्ष्मदर्शकाचा आधार घेतला नव्हता. एकच ऊती निरनिराळ्या अवयवांत असते आणि म्हणून एकाच जातीचा रोग निरनिराळ्या जागी होऊ शकतो, हा विचार येथून रुजला. भलत्या जागी येणाऱ्या अर्बुदाचे कोडे सुटण्याचा मार्ग या विचारानेच खुला केला.

भाषेच्या अध्यापकाला येथे एक सुंदर योगायोग दिसतो. इंग्रजीतील ‘टिश्यू’ हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ विणलेले कापड. ऊतींच्या अभ्यासाला ‘हिस्टॉलॉजी’ म्हणतात, त्यातील ग्रीक ‘हिस्टोस’ म्हणजे माग किंवा मागावरचे वस्त्र. अरबी-उर्दूत ऊतीला ‘नसीज’ म्हणतात, तेही विणणे या धातूपासूनच. मराठीने घेतलेला ‘ऊती’ हा शब्द संस्कृतात विणण्याचाच अर्थ देतो. चारही भाषांनी शरीराकडे विणकराच्या नजरेने पाहिले आहे. कापडाचा तुकडा कोठल्या दुकानात सापडला यावरून नव्हे, तर त्याचा धागा आणि वीण पाहून जाणकार त्याची जात सांगतो. वर्गात हा विषय समजावून देताना एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले तेव्हा वैद्यकासह सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचा प्रयोग झाला. आजचा मराठवाडा त्या वेळी या संस्थानात होता. विकृतिशास्त्रासाठी ‘इल्मुल-अमराज’ हा शब्द उर्दूत रूढ झाला. मराठीत पुढे परिभाषेचे काम झाले आणि ऊतिविकृतिशास्त्रासारखे शब्द आले. हे शब्द जड वाटले तरी त्यांच्यामागील कल्पना सामान्य माणसाला परकी नाही, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

सूक्ष्मदर्शकाचे युग आणि मुंबई

जर्मनीत योहानेस म्युलर याने १८३८ मध्ये अर्बुदांची सूक्ष्मदर्शकाखालील रचना वर्णिली आणि त्याचा शिष्य रुडॉल्फ फिर्को याने १८५८ मध्ये पेशीविकृतीचा सिद्धान्त मांडला. त्याच वर्षी हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हा इंग्रज डॉक्टर मुंबईस आला. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाग्रंथातील चित्रे याच कार्टरने काढलेली होती. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तो अध्यापक झाला. पुढे साताऱ्यास त्याने सिव्हिल सर्जन म्हणूनही काम केले.

अनवाणी शेतात वावरणाऱ्या माणसांच्या पायाला येणाऱ्या एका विचित्र गाठीकडे कार्टरचे लक्ष वेधले गेले. पाऊल सुजे, त्यावर गाठी येत, त्या फुटून दाणे बाहेर पडत आणि अखेर पाय कापावा लागे. मदुराईकडे हा रोग १८४२ मध्ये नोंदला गेला होता, म्हणून त्याला मदुरा पाऊल म्हणत. नाव गावाचे आणि अवयवाचे होते. रोगाचे स्वरूप त्यात कोठेच नव्हते. कार्टरने त्या दाण्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, काळे व फिकट दाणे वेगळे केले आणि हे अर्बुद नसून बुरशीजन्य विकार आहे असे प्रतिपादन केले. १८६० मध्ये त्याने ‘मायसेटोमा’ हे नाव सुचविले आणि १८७४ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. यातील काही प्रकार बुरशीचे नसून जिवाणूंचे आहेत हे नंतर सिद्ध झाले. तरीही अर्बुदासारखी दिसणारी गाठ आतून तपासल्याशिवाय तिला नाव देऊ नये, हा धडा महाराष्ट्रातील वैद्यकाला कार्टरच्या कामातून मिळाला.

डॉ. खानोलकर आणि जागेचा अर्थ

मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे आली. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम. डी. होऊन आलेले खानोलकर ग्रँट व सेठ जी. एस. या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापक होते. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

प्रस्तुत विषयाशी त्यांच्या एका निरीक्षणाचा जवळचा संबंध आहे. १९४५ मध्ये खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी रूढी व कर्करोग यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतर-कर्करोगाचे वर्णन होते. कमरेभोवती त्वचेचा कर्करोग होणे ही अन्यत्र न आढळणारी गोष्ट. वर्षानुवर्षे त्याच जागी घट्ट आवळलेल्या वस्त्राच्या घर्षणाशी त्यांनी तिचा संबंध जोडला. पुढे साडीच्या, म्हणजे परकराच्या नाडीच्या जागी होणाऱ्या अशाच कर्करोगाचीही नोंद झाली. काश्मिरात पोटाशी धरावयाच्या कांगडीमुळे पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्येच वर्णिला होता. हे त्वचेचे कर्करोग होत, मृदू ऊतींची अर्बुदे नव्हेत. हा भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. परंतु पद्धतीच्या दृष्टीने खानोलकरांचे काम येथे मार्गदर्शक ठरते. त्यांनी आधी काचपट्टीवर रोगाची जात निश्चित केली आणि त्यानंतर तो याच जागी का, हा प्रश्न माणसाच्या राहणीला विचारला. हा क्रम उलटा झाला की निदान फसते.

नाव एका जागेचे, गाठ सर्व जागांची

मृदू ऊतींच्या अर्बुदांत हा क्रम अनेकदा उलटा झाला आहे. त्याची काही ठळक उदाहरणे पाहू.

(१) सायनोव्हियल सार्कोमा. हे अर्बुद तरुणांत, बहुधा गुडघ्याजवळ आढळे. सूक्ष्मदर्शकाखाली ते सांध्यातील अस्तरासारखे भासे. म्हणून त्याला सांध्याच्या अस्तराचे नाव मिळाले. पण तसेच अर्बुद मानेत, फुफ्फुसात, मूत्रपिंडात आणि हृदयातही सापडू लागले, जेथे सांधा नाहीच. १९८० च्या दशकात त्यातील एक्स व १८ या गुणसूत्रांची अदलाबदल लक्षात आली आणि १९९४ मध्ये त्यातून जुळलेली जनुके ओळखली गेली. ही खूण सापडली की गाठ गुडघ्याजवळ असो वा फुफ्फुसात, निदान तेच. सांध्याच्या अस्तराशी त्याचा संबंध नाही हे आज मान्य आहे, तरी जुने नाव चालूच राहिले आहे.

(२) ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. रशियन विकृतिशास्त्रज्ञ अब्रिकोसोफ यांनी १९२६ मध्ये वर्णिलेली ही गाठ जिभेवर अधिक आढळते. जीभ स्नायूंची, म्हणून गाठही स्नायूची, असे मानले गेले आणि नावही तसेच पडले. पुढे प्रतिपिंडांच्या साह्याने रंगविण्याच्या पद्धतीने तिचे नाते मज्जातंतूंच्या आवरणाशी आहे हे दाखविले. ती बहुधा साधी असते. पण वरचा थर जाड झाल्यामुळे वरवरच्या तुकड्यात ती जिभेच्या कर्करोगासारखी भासू शकते. तंबाखू खाणाऱ्यांच्या आपल्या देशात या भेदाचे महत्त्व सांगावयास नको.

(३) अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा. न्यूयॉर्कमधील ख्रिस्तोफरसन, फूट व स्ट्युअर्ट यांनी १९५२ मध्ये वर्णिलेले हे फार दुर्मीळ अर्बुद मोठ्यांत मांडीत, तर मुलांत जीभ व डोळ्याच्या खोबणीत आढळते. वाढ हळू, वेदना नाही, म्हणून ते साध्या रक्तवाहिनीच्या गाठीत जमा होते आणि कधी कधी फुफ्फुसात पसरल्यावरच लक्षात येते.

(४) सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. क्लेम्परर व रॅबिन यांनी १९३१ मध्ये ते फुफ्फुसाच्या आवरणात वर्णिले आणि पुढे बराच काळ ते तेथीलच मानले गेले. नंतर शरीराच्या जवळजवळ प्रत्येक भागात ते सापडले. २०१३ मध्ये त्याची जनुकीय खूण मिळाली आणि वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या नावांनी वावरणाऱ्या कित्येक गाठी एकाच घरच्या असल्याचे कळले.

(५) जठर व आतड्यांतील स्ट्रोमल अर्बुद. ते या अवयवांच्या भिंतीतील स्नायूंचे मानले जाई. १९९८ मध्ये जपानमधील हिरोता व सहकाऱ्यांनी त्यातील किट या जनुकाचा दोष दाखविला. २००१ मध्ये इमॅटिनिब या गोळीचा त्यावरील परिणाम प्रसिद्ध झाला. तोवर या रोगावर कोणतेही औषध चालत नव्हते. नाव बदलले आणि उपचारही बदलला.

या सर्व उदाहरणांमागे एका शिस्तीचा हात आहे. न्यूयॉर्कचे आर्थर पर्डी स्टाऊट (१८८५–१९६७) हे मूळचे शल्यचिकित्सक पुढे विकृतिशास्त्राकडे वळले आणि १९५३ मध्ये त्यांनी मृदू ऊतींच्या अर्बुदांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. १९८३ मध्ये एन्झिंगर व शेरॉन वाइस यांचा ग्रंथ आला आणि तो जगभर प्रमाण मानला गेला. देशोदेशींच्या रुग्णालयांतून आलेले तुकडे एका ठिकाणी जमा झाले, जपले गेले आणि एकमेकांशी ताडून पाहिले गेले, म्हणूनच हे ग्रंथ होऊ शकले. एका डॉक्टरच्या आयुष्यात जे अर्बुद एकदाच दिसते, ते अशा संग्रहात पन्नास वेळा दिसते.

सीमाभागातील भाषा आणि निदान

इतिहासात जागेने वैद्यांना चकविले. पांढुर्णा-सौंसरसारख्या सीमाभागात जागेचे नावच चकवू शकते. पुढील शब्द पाहावेत.

मराठीत ‘जांघ’ म्हणजे मांडी व ओटीपोट यांमधील सांध्याचा भाग. हिंदीत ‘जाँघ’ म्हणजे मांडी. मराठी भाषक रुग्णाने ‘जांघेत गाठ आहे’ असे सांगितले आणि हिंदी भाषक कर्मचाऱ्याने तसे टिपून घेतले, तर कागदावर मांडीची गाठ उतरते. उलटही घडू शकते. वैद्यकीयदृष्ट्या हा फरक लहान नाही. जांघेतील गाठ म्हटली की अंतर्गळ किंवा अवधाण आठवते. मांडीतील खोल गाठ म्हटली की सार्कोमाची शंका प्रथम घ्यावी लागते, कारण मांडी ही त्याची सर्वांत नेहमीची जागा. उर्दूत मांडीला ‘रान’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द शेताशिवाराचा वाटतो. हिंदीत ‘कूल्हा’ म्हटले की कमरेखालचा खुब्याचा भाग येतो, तर मराठीत ‘कुल्ला’ म्हणजे केवळ ढुंगण. ‘गला’ हा हिंदी शब्द मान आणि घसा या दोहोंना चालतो. मराठीत गळा वेगळा आणि घसा वेगळा.

विकृतिशास्त्रज्ञ रुग्णाला पाहत नाही. त्याच्यासमोर काचपट्टी आणि तिच्यासोबतचा कागद असतो. त्या कागदावर वय, जागा, खोली आणि गाठ किती दिवसांची, एवढ्याच गोष्टी असतात. जागेवरून जात ठरवू नये हे जितके खरे, तितकेच हेही खरे की जागा चुकीची लिहिली गेली तर शंकेची दिशाच चुकते. म्हणून रुग्णाने जागेचे नाव सांगण्यापेक्षा बोट ठेवून दाखवावे आणि लिहिणाऱ्याने शरीराच्या चित्रावर खूण करावी, हा साधा उपाय येथे मोलाचा आहे.

या भागात आणखी एक गोष्ट निदानाला आड येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते आणि दरवर्षी माणसे जखमी होतात. मार लागून रक्त साकळल्याची गाठ येथे कोणाला नवी नाही. त्यामुळे अंगावर गाठ दिसली की ‘कधीतरी दगड लागला असेल’ हे स्पष्टीकरण चटकन पटते. मार लागणे आणि अर्बुद होणे यांचा संबंध जोडण्यापूर्वी कोणत्या कसोट्या लावाव्यात, हे अमेरिकेतील जेम्स यूइंग (१८६६–१९४३) यांनी मांडले होते. बहुतेक वेळा माराने अर्बुद होत नाही. मार लागल्यामुळे आधीच असलेल्या गाठीकडे प्रथमच लक्ष जाते. साकळलेले रक्त काही आठवड्यांत ओसरू लागते. जी गाठ ओसरत नाही, उलट वाढते, तिला माराची गाठ म्हणून सोडून देता येत नाही.

आजची पद्धत आणि एक बरणी

आज सर्वमान्य असलेला क्रम असा आहे. गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी असेल, वाढत असेल, खोलवर असेल, दुखत असेल किंवा एकदा काढूनही परत आली असेल, तर ती साधी आहे असे गृहीत धरू नये. प्रथम प्रतिमाचित्रण करावे. हातापायांच्या गाठींसाठी एमआरआय उपयुक्त ठरते. त्यानंतर जाड सुईने तुकडा घ्यावा. सुईचा मार्ग पुढील शस्त्रक्रियेत काढून टाकता येईल असाच निवडावा, म्हणून हे काम पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या सल्ल्यानेच व्हावे. घेतलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकविला जातो. फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये त्याचा हा उपयोग दाखविला. मग तो मेणात बसवून मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचे काप काढले जातात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनी रंगविले जातात. पहिला रंग मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळतो आणि १८७० च्या दशकापासून ही जोडी वापरात आहे. त्यापुढे प्रतिपिंडांची तपासणी आणि शेवटी जनुकीय तपासणी.

एवढी साधने असूनही निदान हुकते, ते बहुधा पहिल्या पायरीवर. साधी गाठ समजून ती भूल देऊन वरच्यावर कापली जाते आणि बादलीत टाकली जाते. काही महिन्यांनी ती पुन्हा उद्भवते. मूळ गाठ कशाची होती याचा पुरावा तेव्हा उरलेला नसतो, आणि पहिल्या शस्त्रक्रियेत आजूबाजूच्या थरांत पेशी पसरलेल्या असतात. दुसरी शस्त्रक्रिया मोठी होते; कधी हात वा पायही गमवावा लागतो. सुश्रुताचा उरलेल्या विस्तवाचा इशारा आणि जहरावीची आधी तपासण्याची ताकीद येथे शब्दशः लागू पडते.

म्हणून काढलेली कोणतीही गाठ, ती कितीही साधी वाटली तरी, तपासणीसाठी पाठविली पाहिजे. त्यासाठी लागते ती रुंद तोंडाची बरणी, गाठ पूर्ण बुडून वर पुष्कळ राहील इतके १० टक्के फॉर्मॅलिन आणि बाहेर नाव, वय, जागा, बाजू व तारीख लिहिलेली चिठ्ठी. मिठाचे पाणी किंवा स्पिरिट चालत नाही. नाव सर्व कागदांवर एकाच पद्धतीने लिहिलेले असावे; हिंदी, मराठी व इंग्रजी अशा तीन तऱ्हांनी लिहिलेले एकच नाव तीन माणसांचे ठरू शकते. अहवाल, मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या यांची माहिती रुग्णाच्या घरी असावी. निदानाबाबत शंका राहिली तर तोच ठोकळा दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठविता येतो, पुन्हा कापावे लागत नाही. २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे देशभरातील कर्करोग केंद्रे एकमेकांशी जोडली गेली आहेत. नागपुरात १९४७ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आता कर्करोगाची स्वतंत्र रुग्णालयेही आहेत. म्हणजे तिगावच्या माणसासाठी तज्ज्ञ फार दूर नाही. बरणी मात्र तेथपर्यंत पोहोचली पाहिजे.

नोंदीचा प्रश्न

मुंबईत १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने ती उभी केली आणि पुढे नागपूर शहरातही अशी नोंदणी आली. लोकसंख्याधारित नोंदणीत ठरावीक क्षेत्रातील रहिवाशांचीच गणना होते, हा तिचा नियमच आहे. त्यामुळे तिगावचा रुग्ण नागपुरात तपासला गेला, तेथेच उपचार घेतला, तरी शहराच्या आकड्यांत तो येत नाही. त्याची नोंद रुग्णालयाच्या दप्तरात राहते. दुर्मीळ आजारांचे ज्ञान एकेका नोंदीतून उभे राहते हे वर पाहिले. सीमेवरच्या माणसाची नोंद सुटणे हे त्या दृष्टीने केवळ प्रशासकीय न्यून नव्हे. त्याच्या भागात कोणते आजार किती आहेत, हे ज्ञानच त्यामुळे अपुरे राहते.

समारोप

मृदू ऊतींच्या अर्बुदांच्या निदानाचा इतिहास म्हणजे जागेकडून जातीकडे झालेला प्रवास होय. सुश्रुताने धातूंचा विचार केला, जहरावीने शोधसुई वापरली, बिशाने ऊती सांगितल्या, कार्टरने मुंबईत दाणे तपासले, खानोलकरांनी काचपट्टीवरून माणसाच्या राहणीपर्यंत माग काढला आणि अलीकडच्या संशोधकांनी जनुकांतील खूण शोधली. या साखळीत संस्कृत, अरबी, जर्मन, इंग्रजी व जपानी बोलणाऱ्यांचा वाटा आहे. कोणत्याही एका परंपरेला तिचे सारे श्रेय घेता येणार नाही.

महाविद्यालयीन शिक्षकांकडून या बाबतीत वैद्यकाची अपेक्षा नाही. परंतु आपल्या वर्गात बसणारे विद्यार्थी हे बहुधा घरातील पहिले सुशिक्षित असतात आणि दवाखान्यात कागद वाचण्याची, लिहिण्याची व विचारण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येते. गाठ कापण्यापूर्वी ‘आधी तपासणी करायची का?’ आणि कापल्यानंतर ‘ती तपासायला पाठविली का?’ हे दोन प्रश्न त्यांनी विचारावेत, जागा बोटाने दाखवावी आणि अहवाल जपून ठेवावा, एवढे आपण त्यांना मराठीत, हिंदीत आणि उर्दूत निश्चितच शिकवू शकतो.